सैल होल्स्टर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका उन्हाळ्यातली रिव्हॉल्व्हरची तक्रार मनातून जात नाही. त्यात गोळी सुटली नाही, रक्त सांडलं नाही. तरी त्या दिवसाची आठवण झाली की माझे हात आपोआप जोडले जातात.

तेव्हा मी चिमूर भागातल्या, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून गस्तीच्या नोंदी पाहत होतो. एक वयस्कर शेतकरी जावयाला घेऊन आत आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांची शेती जंगलाच्या काठाला, रानडुकरं आणि वाघ दोघांचीही ये-जा. वडिलांच्या काळापासून घरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. लांब नळीचं, चांगलंच जड. शेतात जाताना ते कमरेला बांधून जात. त्यांचं म्हणणं असं की, सकाळी जंगलाच्या वाटेवर त्यांच्या जुन्या ट्रॅक्टर ड्रायव्हरनं मोटारसायकल अडवली आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर ओढून पळ काढला.

हा ड्रायव्हर गावातल्याच एका बौद्ध कुटुंबातला, पंचविशीच्या आतला. महिन्याभरापूर्वी भाऊंशी वाद होऊन त्यानं काम सोडलं होतं आणि पोलीस भरतीची तयारी चालवली होती. जंगलभागात भरलेलं हत्यार गेलं म्हणजे प्रकरण गंभीर. गावातली चारदोन माणसं ठाण्याबाहेर जमली आणि त्याला आत टाका म्हणू लागली.

मी त्याला बोलावून घेतलं. तो धावण्याच्या बुटांतच आला. सकाळी मैदानावर होतो, एवढंच सांगत राहिला. मी उलटसुलट विचारलं, उत्तर बदललं नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "साहेब, माह्यावर केस झाली तं भरती गेली. मंग मले कोण घेते?"

त्याच सुमारास मला एक फोन आला. पक्क्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा एक माणूस होता, कधीमधी खबर द्यायचा. त्यानं सांगितलं की भाऊ सकाळी त्याच्या दुकानावरून परत गेले, अगदी हळू, खाली रस्त्याकडे पाहत पाहत. मध्येच थांबून एका खड्ड्यात वाकून पाहिलं. ज्याचं हत्यार कुणी हिसकावून नेलं तो माणूस चोराच्या मागे पाहतो. रस्त्यात खड्डे पाहत नाही.

मी भाऊंना माझ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि चोराबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांच्या कमरेचं रिकामं होल्स्टर मागून घेतलं. म्हटलं, भाऊ, एवढं लांब हत्यार कमरेला बांधून तुम्ही गाडीवर बसता कसे?

हा प्रश्न मी सहज विचारला नव्हता. मोठं रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा त्रास मला ठाऊक होता. उभं राहिलं की ठीक वाटतं, जीपमध्ये बसलं की नळी मांडीत रुतते आणि मूठ बरगडीला लागते. तासभर चाललं की वजनानं पट्टा खाली ओढला जातो, घामानं कातडी सोलवटते. मग माणूस सोय पाहतो. थोडं मागे सरकवतो, पट्टा सैल करतो, मुठीवरची पट्टी उघडी ठेवतो. कंबर सुखावते, पण हत्यार मोकळं होतं.

भाऊ जरा चमकले. "चोराचं सोडून पट्ट्याचं काऊन विचारून राह्यले, साहेब?" पण दुखण्याबद्दल कुणी आपुलकीनं विचारलं की माणूस बोलतो. होल्स्टर बाजारातून तयार घेतलेलं, लहान हत्यारासाठीचं. नळी मावेना म्हणून त्यांनी खालचं टोक कापलं होतं. मुठीवरची पट्टी पोटाला काचायची म्हणून तीही कापून टाकली होती. आता छान बसतं, म्हणाले.

मी लेखनिकासमोर माझं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, गोळ्यांची चक्री उघडून दोनदा पाहिलं. लांबीरुंदीला ते साधारण भाऊंच्या रिव्हॉल्व्हरसारखंच होतं. ठाण्याच्या आवारात पोतं अंथरलं, त्यांना होल्स्टर बांधायला लावलं आणि त्यात ते ठेवलं. चालायला सांगितलं. काही झालं नाही. मोटारसायकलवर बसवलं. तरीही काही झालं नाही. मग म्हटलं, भाऊ, खाली पडलेलं काही उचलता तसे वाका.

ते वाकले आणि रिव्हॉल्व्हर मुठीच्या वजनानं उलटं होऊन पोत्यावर पडलं.

भाऊ पोत्यावरच खाली बसले. "बांबू," ते म्हणाले. "मोहाच्या झाडाजवळ बांबू आडवा पडला होता, साहेब. मी उतरून बाजूले केला."

मग सगळं बाहेर आलं. शेतात पोचल्यावर होल्स्टर रिकामं दिसलं. पक्क्या रस्त्यावर गाडी उसळली होती, तिथंच पडलं असेल म्हणून ते घाईनं तिकडे गेले. सापडलं नाही. हरवलं म्हटलं तर परवाना जाईल, शिवाय लोक हसतील, या भीतीनं चोर उभा केला. आणि डोक्यात ज्याचा राग होता, त्याचंच नाव तोंडात आलं.

दोन पंच घेऊन आम्ही निघालो. उन्हं माथ्यावर आली होती. मनात एकच धास्ती होती. मोहफुलांचे दिवस, झाडाझाडाखाली बायका आणि लेकरं, आणि हत्यार भरलेलं.

मोहाखाली एक गोंड बाई बसली होती. वयानं माझ्या आईएवढी. समोर टोपली पालथी घातलेली, तिच्यावर दगड. आम्हाला पाहून ती उठली नाही. मी जवळ जाऊन विचारल्यावर टोपलीकडे बोट दाखवलं. खाली पाचोळ्यात रिव्हॉल्व्हर जसंच्या तसं पडलं होतं. भाऊ शेताकडे गेल्यावर ती फुलं वेचायला आली होती, आणि ते दिसल्यापासून तिथून हलली नव्हती. जवळचं पाणीही संपलं होतं. मी विचारलं, बाई, कुणाला हाक का नाही मारली?

"कोणाचं हाय, मले का मालूम? एक भाऊ गाडीवर गेले, पण थांबले नाई. हात लावला असता तं मलेच धरलं असतं. सोडून गेली असती तं लेकरायनं उचललं असतं."

मी गाडीतलं पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

पंचनामा झाला, तिचा अंगठा घेतला. हत्यार जप्त करून परवान्याचा अहवाल वर पाठवला, खोट्या तक्रारीची कारवाईही टळली नाही. ड्रायव्हर त्याच दिवशी घरी गेला. भाऊंनी ठाण्यात सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो फक्त "ठीक हाय" म्हणाला. त्याहून जास्त अपेक्षा करायचा हक्क कुणालाच नव्हता.

पुढं माझी गडचिरोलीला बदली झाली, पायी गस्त वाढली. जाण्याआधी मी चंद्रपुरात एका चामड्याचं काम करणाऱ्याकडून छातीवर तिरकं बसणारं होल्स्टर शिवून घेतलं. खांद्यावर रुंद पट्टा, म्हणजे वजन कमरेवर येत नाही. नळी पूर्ण झाकलेली, मुठीवर बटणाची घट्ट पट्टी. जीपमध्ये बसा, नाला ओलांडा, कुठं रुतत नाही. रिकाम्या हत्यारानिशी वाकून, बसून, धावून पाहिल्याशिवाय मी ते जंगलात नेलं नाही, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला तेच करायला लावलं. अंगाला सोयीचं आणि लोकांना सुरक्षित, या दोन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात मिळतात. त्यासाठी थोडी खटपट करावी लागते, एवढंच.

या प्रकरणानं मला शिकवलं की संशयिताच्या आधी वस्तूची चौकशी करावी. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आमचा तपास कितीही हुशारीचा असला तरी आम्ही दुपारी पोचलो. सकाळपासून दुपारपर्यंत त्या भरलेल्या हत्यारावर सरकारचा पहारा नव्हता, तिचा होता.

त्या दुपारी मोहाखालून निघताना मी तिला गाडीनं घरी सोडतो म्हटलं. ती नको म्हणाली. दिवसभराची फुलं वेचायची राहिली होती. ते ऐकून माझ्या हवालदारानं टोपी काढली आणि खाली बसून वेचायला लागला. मग दोन्ही पंच बसले, भाऊ बसले, मीही बसलो. टोपली काठोकाठ भरली तेव्हा ती पहिल्यांदा हसली.