वसमतहून आलेलं हीरोचं पत्र

एका हिंदी हीरोच्या नावानं मी माझ्याच पोरीला खोटं पत्र लिहिलं होतं. घ्या, झालं सांगून.

पोरगी तेव्हा दहावीत. कपाळावर कापलेल्या बटा, भिंतीवर त्या हीरोचे फोटो. मी उठता-बसता "काय ही थेरं!" म्हणून ओरडायची, अन् टीव्हीवर त्याचाच पिक्चर लागला की तव्यावरची भाकर करपवायची. एवढी मी शहाणी! तिनं त्याला पत्र धाडल्याचं कानावर आलं, तसा मला हुरूप चढला. डाव्या हातानं, माझ्या मराठवाडी हिंदीत उत्तर लिहून काढलं: "प्यारी बेटी, गणित में ध्यान दो. हलदी शिजाने में माँ को मदत करो." पोरगी ज्याच्यावर जीव टाकून राहिली होती, त्याला मी तिचा बाप करून टाकलं.

पाकिटावर शिक्का पडला आमच्याच वसमतचा, मुंबईचा न्हाई. म्हटलं, मेले आता. तर पोरगीच म्हणते, "शूटिंगला जाताना आपल्या वारंगा फाट्यावरून गेला असंल!" महिनाभर ती न कुरकुरता हळद शिजवू लागली. मला माझ्याच अकलेचं केवढं कौतुक!

यंदा दिवाळीला ती पुण्याहून आली. आता चाळिशीची झाली. जुन्या पेटीतलं ते पत्र काढून स्वतःच्या लेकीला सांगून राहिली, "आमच्या काळी हीरो हातानं उत्तर लिहायचे. तुमच्यासारखं नुसतं लाईक नव्हतं." मी भिंतीवरचे फोटो फाडले म्हणून दोन दिवस जेवली नव्हती, तो काळ आता सोन्याचा झाला होता. इथवर ठीक होतं. पण मग तिनं पत्राचा फोटो काढला. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते म्हणाली.

ती हिंदी वाचून एखादी तरी मैत्रीण ओळखणार, अन् एवढ्या मोठ्या बाईचं चारचौघींत हसं होणार.

"थांब बाई," म्हटलं, "ते मी लिहिलंय."

नात खो-खो हसली. पोरगी न्हाई. तिनं पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, सावकाश.

"डाव्या हातानं?"

"व्हय."

"अन् मला बेटी?"

"मग काय, प्रिये लिहू?"

तशी तिला हसू फुटलं. डोळे पुसत तिनं फोन उचलला अन् म्हणाली, "तरी टाकतेच, आई. खरं काय ते लिहूनच टाकते. वर्गातल्या सगळ्या पोरींनी पत्रं धाडली होती, उत्तर फक्त मलाच आलं."