जज्ज हटवायचा कागद

आमच्या गावानं एकदा रेशनवाल्याला हटवलं होतं. घरोघरचे अंगठे एका कागदावर घेतले, तहसीलदाराला दिले, आणि पंधरा दिवसांत माणूस गेला. म्हणून मला वाटलं, जज्जही असाच हटत असंल. चूक झाली ती इथंच.

आमचे मालक, पोरांचा बाप म्हणा ना, तेव्हा आदिलाबादच्या जेलात होते. बांधावरच्या मारामारीत त्यांचं नाव आलं होतं. आठ महिने झाले, जामीन काही होईना. दर पेशीला, कोर्टाच्या तारखेला, मी आमच्या तामसीहून बसनं जायची. जज्जसाहेब बारा वाजता येत, चार कागद चाळत, उठून जात. कोर्टात इंग्रजी-तेलुगू चाले, मला काय समजणार! परत नवी तारीख.

शेवटी मीच अर्ज लिहिला, हैदराबादच्या मोठ्या कोर्टाला, की असा जज्ज आमाला नको. रेशन दुकानातलं शाईचं पॅड आणलं. बुद्धविहारापासून मारुतीच्या पारापर्यंत हिंडली. सासूबाईंनी दोन्ही अंगठे उमटवले.

"एकच लागतो, आत्याबाई."

"राहू दे वं. एकानं नाही हलला तर दुसऱ्यानं हलंल."

वकिलाचा मुंशी हसला. "वहिनी, जज्ज म्हंजे रेशनवाला होय काय?"

मी तरी टपालात जाऊन अर्जाची रजिस्ट्री केली.

आणि जज्ज गेला! अर्जानं गेला की त्याची बदलीच होती, कोणाला ठाऊक. गावात गूळ वाटला. माझा तर पाय जमिनीवर नव्हता.

पेशीला गेली तर खुर्ची रिकामी. मुंशी खाली मान घालून म्हणाला, "मागच्या पेशीला तुमच्या जामिनावर बोलणं झालं होतं वहिनी. हुकूम तेवढा लिहायचा राह्यला होता. आता नवा साहेब येईल, पुन्हा पहिल्यापासून आयकंल."

"कधी येईल?"

"ते हैदराबादवाल्यांच्या हाती."

मी तिथंच पायरीवर बसली. अंगठ्याची शाई कधीच निघून गेली होती, तरी पदराला घासत राह्यली.

जेलात भेटायला गेली तर मालक जाळीला चिकटून उभे. दाढी वाढलेली, डोळ्यांत मात्र कधी नव्हे ते पाणी चमकत होतं. त्यांनाही खबर लागली होती.

"हटवलंस ना त्याला? वाघीण हायेस! नवा आला काय?"

"येऊन राह्यला, आजउद्यात," मी म्हटलं.

आणि शिदोरीची भाकर जाळीतून जाईल एवढे तिचे तुकडे करत बसली.