साडूंची भाजणी

स्वतःच्या धंद्याचा आमच्या साडूंइतका कट्टर वैरी अख्ख्या पुण्यात शोधून सापडायचा नाही. बिबवेवाडीत त्यांचं भाजणीचं दुकान आहे, आणि ते चालू नये म्हणून या गृहस्थांनी बावीस वर्षं जिवाचं रान केलं. भाजणी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाची आधी उलटतपासणी व्हायची. थालीपीठ लावणार कशावर? एका बाईंनी भाबडेपणाने खरं सांगितलं, नॉनस्टिकवर. "मग तुम्हाला कुठलंही पीठ चालेल, शेजारी वाण्याचं दुकान आहे," असं म्हणून साडू पेपर वाचायला लागले. एका गृहस्थांना मुलीकडे परदेशी पाठवायला पाच किलो हवी होती, त्यांच्या हातावर अर्धा किलो ठेवली. "आधी एवढी संपवा. मग बोलू." हा माणूस विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला, या विचाराने आत्ता लिहितानाही माझं डोकं तापतंय.

भाजायचं मात्र फक्त स्वतः. ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, धान्य निवडणार, धुणार, वाळवणार, कढईपर्यंत आणून देणार, पण उलथन्याला हात लावायचा नाही. "वासावरचं काम आहे, तुला नाही जमायचं," हे चारचौघांत. साडू लग्नाला गेले की दुकान बंद, साडूंना ताप आला की दुकान बंद. माझ्या एका मित्राचं वाघोलीत मोठं दुकान आहे. तो दर आठवड्याला शंभर पुडे घ्यायला तयार झाला, म्हणून मी त्याला मोठ्या कौतुकाने घेऊन गेलो. साडूंनी त्याला साधं बसासुद्धा म्हटलं नाही. "शंभर पुडे म्हणजे दुसरी कढई आणि दुसरा हात. दुसऱ्याच्या हातची ती माझी भाजणी नव्हे." मी पुढे चार महिने बिबवेवाडीकडे फिरकलो नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या बायकोचा पाय मोडला आणि ताई आठ दिवस आमच्याकडे राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी सहज दुकानाकडे गेलो तर शटर खाली. चकलीच्या भाजणीचे दिवस, बाहेर बायका ताटकळलेल्या, आणि मालक वर घरात खुर्चीत बसलेले. माझा तोल गेला. "अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"मला वास येत नाही," साडू म्हणाले.

फेब्रुवारीतल्या तापात वास गेला होता, तो परत आलाच नव्हता. नाकाखाली एक घाणा करपला तरी यांना पत्ता नाही. ताईंनी न बोलता कढई उतरवली. दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारी धान्य पाखडत बसायच्या आणि भाजणी खमंग झाली की विचारायच्या, "अहो, चहा ठेवू का?" की हे गॅस बंद करणार. आठ महिने हे असं चाललं होतं आणि दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"म्हणजे आठ महिने लोकांनी ताईंची भाजणी नेली. कोणी कुरकुरलं?"

"तेच तर. एक जणसुद्धा नाही."

मला त्यांची दया आली, पण रागही गेला नाही. "मग द्या ना त्यांच्या हातात."

"बावीस वर्षं जमायचं नाही म्हणालो. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"त्याच तोंडाने. नाहीतर दुकान कायमचं बंद करा."

संध्याकाळी साडू आमच्या दारात उभे राहिले. पिशवीतून उलथनं काढून त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवलं. "उद्यापासून तूच भाज. तुला जमतं." ताईंनी ते हातात घेऊन जरा तोललं. "दुसरी कढई आणावी लागेल," एवढंच म्हणाल्या.

आता कढया दोन, हाताखाली दोघी बायका, आणि पुडे दर आठवड्याला वाघोलीला जातात. साडू गल्ल्यावर बसतात. नॉनस्टिकवाल्या बाईंनाही "या, बसा" म्हणतात, आणि ते ऐकून मला उगाचच कसंतरी होतं. परवा गेलो तर त्यांनी ताजा पुडा उघडून माझ्या नाकाशी धरला. "कसा येतोय? माझ्या वेळेसारखा?"

खरं सांगायचं तर त्याहून थोडा सरसच येत होता. "अगदी तसाच," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पुड्याचं तोंड दुमडलं आणि आत पाहून विचारलं, "अगं, चहा ठेवतेस का?"