फळ्यावरची ओळ

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर आजारी पोराच्या पोटाची चामडी चिमटीत धरून सोडायचा आणि ती परत बसायला किती वेळ लागतो त्यावरून अंगातलं पाणी किती आटलंय ते ओळखायचा. भिंतीवरच्या फळ्यावर वरून आलेले नियम होते; अक्षर माझं, शाळामास्तराचं. 'जुलाबात मुलास दिवसभर अन्नपाणी देऊ नये.' येईल त्या आईला तो ही ओळ वाचून दाखवायचा. पुसट झाली की मीच ती ठळक करायचो.

आमच्या भागातल्या प्रतापगडाकडच्या जंगलातल्या बायांपर्यंत हा नियम पोचलाच नव्हता. त्या मीठ घातलेली भाताची पेज पाजत राहायच्या. त्यांची पोरं वाचतात आणि गावातली दगावतात, हे त्यानं दोन पावसाळे पाहिलं. मग डॉक्टरसाहेबांशी भांडून त्यानं मला बोलावलं.

"गुरुजी, खाली लिवा. पेज द्या, पाणी द्या."

मी जुनी ओळ पुसायला फडकं घेतलं. त्यानं माझा हात धरला.

"पुसू नका. नुसती रेघ मारा."

"काऊन?"

"ज्या मायनं आपलं आयकून पोराले पाणी नाही देल्लं, तिले समजलं पाह्यजे, चूक तिची नव्हती."

"तिला वाचता कुठं येतं?"

"मी वाचून दाखवीन," तो म्हणाला. "पैलेबी मीच दाखवली होती."