वास लागलेले पुस्तक

पाहुण्यांनी पुस्तक उघडले, नाकाशी नेले आणि हात लांब धरला.

"हे कोणाच्या घरी होतं? बोंबील गुंडाळले होते का यात?"

शाळा हसली. मुले हसली, समितीचे सदस्य हसले. बाईही ओठ मिटून हसल्या. पुस्तके पाहुण्यांनीच दिलेली. मुंबईचे गृहस्थ, चौलच्या एका वाडीत त्यांचा बंगला आहे, सुटीला येतात. मुलांनी पुस्तके घरी न्यावीत, आईबापांना वाचून दाखवावीत, असे भाषण त्यांनी नुकतेच संपविले होते.

पुस्तक भारतीच्या घरी होते. भारती माझ्या शेजारची, चौथीतली. बाप बोटीवर, आई बाजारात. शाळा सुटली की अंगणात वाळत घातलेला जवळा राखण्याचे काम तिचे. कावळ्यांमुळे तिला जागचे हलता येत नसे. म्हणून तिचे वाचन ऐकायला मीच तिथे जाऊन बसे. तिच्या एका हातात काठी, एका हातात पुस्तक. कावळा उतरला की ती वाक्य अर्धे टाकून धावे आणि परत येऊन तेच वाक्य पहिल्यापासून वाची. हळूहळू आणखी मुले येऊ लागली. पत्नी वारली, मुलगा कतारला गेला. माझ्या घरात माणसाचा आवाज उरला नव्हता. तो या अंगणात ऐकू येई.

भारती रांगेत उभी होती. मान खाली.

ती मान मला ठाऊक होती. याच शाळेत माझ्या लहानपणी गुरुजी आम्हा कोळ्यांच्या मुलांना खिडकीपाशी बसवीत. "वारा लागू दे यांना." आम्ही बसलो. पुढे आयुष्यभर लग्नाला, कचेरीत, दवाखान्यात जाताना मी लिंबाच्या सालीने हात घासले. त्या सकाळीही घासले होते. आजोबांनी मुलांना वाचून दाखवावे, असे मला बोलावणे होते.

मी उभा राहिलो.

"पुस्तक कोळीवाड्यात होतं. मी तिच्याकडून वाचून घेत होतो."

"बाबा, बसा ना," बाई म्हणाल्या. "साहेब गमतीनं बोलले."

पाहुणे हसतमुख. "राग नको, काका. असं करू, कोळीवाड्यातल्या मुलांनी शाळेतच वाचायचं. हात धुऊन. घरी न्यायचं नाही. पुस्तकं टिकली पाहिजेत ना!"

समितीने माना हलविल्या. एवढ्या वेळात नियम झाला.

"टिकवायची असतील तर बंगल्यात ठेवा," मी म्हणालो. "पापलेट घ्यायला आमच्या दारात उभे असता, तेव्हा नाक कुठं ठेवून येता?"

आता कोणी हसले नाही. मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतले आणि बाहेर पडलो. मला कोणी थांबविले नाही. वाचायलाही बोलावले नाही.

दुपारी अंगणात गेलो. भारती काठी घेऊन उभी होती. पुस्तक पुढे केले.

"मना नको ते, आजा. सगली पोरा मना बोंबील बोलतान."

"दोन ओळी वाच."

"नको बोलले ना!"

तिने पाठ फिरविली. बाकीची मुले आलीच नाहीत.

तेव्हा मला उमगले. खिडकीपाशी बसून मी जे निमूट सोसले, तेच या मुलीपर्यंत पोचले होते. तिला वाचनाची गोडी नुकती लागली होती. ती हसत हसत काढून घेतली गेली आणि घेणाऱ्याला त्याची जाणीवही नव्हती.

त्या दिवसापासून मी लिंबाची साल हाताला लावलेली नाही.

रोज दुपारी त्या अंगणात बसतो आणि मोठ्याने वाचतो. समोर जवळा असतो आणि पाठमोरी मुलगी. ती ऐकते की नाही, मी विचारीत नाही. पुस्तक आज संपले.

उद्या शाळेत जाणार आहे, तिच्या नावावर दुसरे मागायला. घरी न्यायला. नाही म्हणाले तर सांगेन, तो नियम फळ्यावर लिहा. कोणत्या मुलांसाठी आहे, तेही लिहा. खाली सह्या करा. तोवर मी उठणार नाही.