घुसळणीचं झाकण

ऑफिसात त्यांना घुसळणकाका म्हणत; तोंडावर नुसतं काका. समुद्रातलं वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत कसं मिसळतं, या एका प्रश्नात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. प्रत्यक्ष समुद्रावर ते एकदाच गेले, तेव्हा त्यांना बोट लागली होती.

हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये समुद्राचे चौकोन पाडलेले असतात. एकेका चौकोनात अख्खं शहर उपनगरांसकट आरामात मावेल, आणि पाणी मिसळतं ते वीतभर भोवऱ्यांत. एवढ्या मोठ्या चौकोनाला वीतभर गोष्ट दिसायची कशी? म्हणून तिथे अंदाज बसवावा लागतो. तो बसवणारे काका.

पूर्वी सगळ्या महासागराला मिळून एकच आकडा होता. तळ सपाट असो की डोंगराळ, घुसळण सारखीच. काकांनी नवं सूत्र लिहिलं: भरती-ओहोटी जिथे तळच्या डोंगरांवर आपटते, तिथे घुसळण जास्त. मोजमापांशी ते छान जुळायचं. मॉडेलात घातलं, की दक्षिणेकडचा समुद्र तापायचा आणि बर्फ नाहीसा व्हायचा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या आकड्याने घुसळण कमी पडायची, खालचं उबदार पाणी वर येत नसे आणि तिथलं वरचं पाणी फार थंड राहायचं. म्हणून ढगांचं काम पाहणाऱ्या बाईंनी ढग जरा विरळ करून जादा ऊन आत सोडलं होतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून सुखाने नांदत होत्या. मध्येच काका खरं घेऊन आले.

"बाई, ढग थोडे दाट करा ना."

"काका, माझे ढग आत्ता कुठे बसलेत. तुमच्या समुद्रापायी मी पुन्हा पहिल्यापासून संसार मांडू?"

"पण ते चुकीचे आहेत."

"असू देत. पाऊस बरोबर पडतोय ना?"

काकांना घाई होती ती वेगळीच. त्यांची बायको आजारी वडिलांजवळ दूरच्या गावी राहायला गेली होती. तिथल्या कॉलेजात काकांना नोकरी मिळाली होती; सत्र सुरू होईपर्यंत कॉलेज थांबणार होतं, त्यापुढे नाही. इथून मोकळं केल्याच्या पत्रावर मात्र साहेबांची सही लागायची.

"सूत्र बसवा आणि खुशाल जा," साहेब म्हणाले होते. "अर्धवट टाकून गेलात तर निस्तरायचं कुणी?"

घरी सामान खोक्यांत भरून झालं होतं. भिंतीला लावलेल्या खोक्यांमधून काका अंग चोरून चालत. ऑफिसातली खिडकी उघडत नसे. यंत्रांना गारवा लागायचा, त्यामुळे माणसांना बारा महिने स्वेटर.

शेवटी ज्या गोष्टीला त्यांनी जन्मभर नाक मुरडलं, तीच केली. सूत्रावर झाकण बसवलं: अमुक आकड्याच्या वर घुसळण जाऊच द्यायची नाही. आकडा कुठला? बर्फ टिकेल तो. वाढवून पाहिला, घटवून पाहिला, पुन्हा किंचित वाढवला. त्या आकड्याला समुद्रात कशाचाही आधार नव्हता. बर्फ टिकला.

बैठकीत नकाशा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या पडल्या. "बघा, उगाच माझ्या ढगांच्या मागे लागला होतात," बाई म्हणाल्या.

"हाच आकडा का?" साहेबांनी विचारलं.

भरतीचं, खडकांचं काहीबाही सांगितलं असतं तर खपलं असतं. पण काकांची जीभ वळली नाही.

"बसतो म्हणून."

"आणि उद्या चौकोन लहान केले तर?"

"पुन्हा बसवावा लागेल."

"कसा?"

"हाताने. बघत बघत."

"दुसऱ्या कुणाला जमेल?"

काकांनी पडद्यावरचा नकाशा बंद केला.

"मग तुम्हाला सोडू कसा, काका? सूत्र लिहून मागे ठेवता येतं. हात कसा ठेवणार?" साहेब हे मनापासून, कौतुकाने म्हणाले. त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही.

संध्याकाळी काकांनी बायकोला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे समुद्र चुकला तरी तुम्ही तिथेच," ती म्हणाली, "आणि बरोबर आला तरी तिथेच."

या म्हणण्यात कुठे चूक आहे का, हे काका सवयीने शोधत राहिले. सापडली नाही.

"बाबा जेवले का?" त्यांनी विचारलं.