मूळ कारणाच्या रकान्यात माझं नाव

"मूळ कारण," साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि माझं नाव घेतलं.

साथीचे दिवस. आजारातून उठून कामावर आले, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. आमच्या चाकणच्या कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी सगळी लाइन बोर्डासमोर उभी राहते. बोर्डावर एक कागद लावलेला होता. पार्ट खराब निघाला की असा कागद भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं आणि शेवटी मूळ कारण लिहायचं. त्या दिवशी खराब पार्ट मी होते.

लाइन का थांबली? निम्मे कामगार आजारी. का आजारी? एकमेकांची लागण. सुरुवात कुणापासून? तपासणीच्या टेबलावरची बाई. तिला कुठून? दापोडीची दाट वस्ती. मग ती कामावर का आली? निष्काळजीपणा. खाली माझं नाव, टोकन नंबरसकट.

"या लोकांना कितीही शिकवा, राहणार तसेच," साहेब म्हणाले. शेजारच्या बायका दोन पावलं सरकल्या. कुणीतरी हसलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

साहेब म्हणजे क्वालिटीचे मुख्य. निगडीला प्राधिकरणात बंगला. मला ताप आला त्याच्या चार दिवस आधी ते परदेशातून परतले होते. आल्या आल्या गिऱ्हाइकाच्या एका तक्रारीसाठी माझ्या टेबलावर दोन तास वाकून उभे. मास्क हनुवटीवर. खोकत होते. नंतर दोन दिवस आलेच नाहीत. हे सगळं पाहणारा तिसरा माणूस एकच, दादा. आमचा लाइन लीडर, माझ्यासारखाच बीडकडचा. दर राखीपौर्णिमेला मी त्याला राखी बांधायचे.

बोर्डावरचा कागद दादाच्या अक्षरात होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं. तो डब्यातून मान वर करेना. "ताई, गप ऱ्हा. चार दिवस बोलतेत, मग इसरतेत. सायबाचं नाव कसं लिवू मी?"

लोक विसरले नाहीत. बातमी माझ्या आधी दापोडीत पोचली. घरमालकिणीने नळावरची माझी बादली काठीने बाजूला सारली. मी तीच बादली भरून घरात आणली आणि ढसाढसा रडले. परक्याने घाव घातला असता तर सोसला असता. हा राखी बांधलेल्या हाताचा होता.

मी गप्प बसले. कंत्राटी नोकरी, तोंड उघडायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर, आधी असे कागद मीही भरले होते. मशीन जुनं आहे हे दिसत असून दुसऱ्या बायांच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' लिहिलं होतं. वरून तसंच हवं असायचं.

वर्षं गेली. या वर्षी ट्रेनिंग झालं; मी आणि दादाही मागे बसलो होतो. साहेब नव्या पोरांना शिकवत होते. "हा विषाणू बाजारातून आला की प्रयोगशाळेतून, यावर जगातले शास्त्रज्ञ अजून भांडतायत. का ठरत नाही? सुरुवातीच्या सगळ्या नोंदीच मिळत नाहीत. नोंदी नसताना कुणाकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे."

मला वाटलं, आता तरी या माणसाला आठवेल.

त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. "आणि हा आपल्याकडचा नमुना. कागद असा भरायचा."

तोच कागद. माझ्या नावासकट, फ्रेममध्ये. पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली.

साहेबांनीच साथ आणली, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. पण माझं नाव लिहायला माहीत असण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

मी उठले. पार्टबद्दल शंका असली की आम्ही त्याला पिवळा टॅग लावतो. होल्ड. म्हणजे पास नाही, नापास नाही, तपासायचा आहे. टॅग लावायचा हक्क तपासणाऱ्याचा. पुन्हा तपासल्याशिवाय तो काढायला साहेबांनाही मनाई. मी अ‍ॅप्रनच्या खिशातून टॅग काढला, कारण लिहिलं, सही केली आणि फ्रेमला बांधला.

"हे काय चाललंय?"

"होल्ड, सर. सुरुवातीच्या नोंदी मिळत नाहीत. त्या आठवड्याचं हजेरीपुस्तक काढा. तुमचंही."

साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?"

दादा धावत आला. "ताई, काढ तो टॅग. पाया पडतो."

"ताई म्हणू नका मला," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं. "लाइन लीडर आहात. काय पाहिलंत ते तुमच्या अक्षरात लिहा. मग काढा."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॅग गायब होता. मी नवीन बांधला. तोही गेला, मग तिसरा. कंत्राट संपेपर्यंत रोज बांधणार. संपल्यावर गेटवर उभी राहून हजेरीपुस्तक मागणार. ज्या बायांच्या नावापुढे मी खोटं लिहिलं, त्यांनाही सोबत घेणार. त्यांच्या कागदांवरही टॅग लागेल, आणि तिथं खोट्या नोंदीखालची सही माझी आहे हे मी आधी सांगणार.